कार्ड लावले, ‘बीप’ वाजले. तरी दार का उघडत नाही?

ऑफिस, बँक, अभ्यासिका, हॉस्पिटल, सोसायटीची लॉबी, अगदी जिमच्या दारावरही आता कार्ड, बोट किंवा चेहरा दाखवल्यावर उघडणारे यंत्र दिसते. ते नीट चालते तोवर त्याच्याकडे कुणाचे लक्ष जात नाही. बिघडले की मात्र दोनच गोष्टी होतात. एक तर दार उघडेच राहते, नाही तर उघडतच नाही. पहिल्यात चोरीची भीती असते, दुसऱ्यात जिवाची. हे यंत्र चालते कसे, बसवताना काय पाहायचे, बिघाड कुठे शोधायचा आणि संकटात दार आतून नक्की उघडेल याची खात्री कशी करायची, याचा हा आढावा.

हा प्रश्न केवळ सोयीचा का नाही?

२७ जुलै २०२४ रोजी दिल्लीतील जुन्या राजेंद्रनगर भागात एका स्पर्धा परीक्षा शिकवणी केंद्राच्या तळघरात पावसाचे पाणी शिरले आणि तीन विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला. तळघराची परवानगी साठवणूक आणि वाहनतळासाठी असताना तिथे अभ्यासिका चालवली जात होती. पाण्याचा लोंढा हे मोठे कारण होतेच. पण वीज गेल्यावर तिथले बायोमेट्रिक दार अडकल्याचेही काही विद्यार्थ्यांनी त्या वेळी माध्यमांना सांगितले होते. पुण्यातील पेठांमध्ये स्पर्धा परीक्षा करणाऱ्या मुलांच्या अभ्यासिका दाटीने आहेत. अशा ठिकाणी दारावर यंत्र बसवले असेल, तर ‘वीज गेल्यावर हे दार काय करते’ हा प्रश्न प्रत्येक चालकाने आणि विद्यार्थ्याने विचारायलाच हवा.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप जगभर सुमारे सहा तास बंद पडले. त्या गोंधळात कंपनीच्या कर्मचाऱ्यांची ओळखपत्रेही कार्यालयाच्या दारांवर चालत नसल्याची वृत्ते आली. नेटवर्क दुरुस्त करायला आत जायचे आणि आत जाण्यासाठी नेटवर्क हवे, अशी ती कोंडी होती.

दारावर नेमके काय काय बसवलेले असते?

भिंतीवरच्या डबीला आपण ‘मशीन’ म्हणतो, पण ती साखळीतली फक्त एक कडी असते. एका साध्या दारासाठी सहा वस्तू लागतात. बाहेरच्या बाजूला रीडर असतो. तो कार्डाचा क्रमांक किंवा बोटाचा ठसा वाचतो. आत कंट्रोलर असतो. कुणाला, कोणत्या वेळी आत सोडायचे याची यादी त्याच्याकडे असते. कंट्रोलरमध्ये रिले नावाचा छोटा विजेचा स्विच असतो. परवानगी मिळाली की तो काही सेकंदांसाठी आपली जागा बदलतो. रिलेला कुलूप जोडलेले असते. या सगळ्यांना वीज देणारा १२ व्होल्टचा पॉवर सप्लाय आणि त्याची बॅटरी असते. शेवटी, आतून बाहेर पडण्यासाठी एक्झिट बटण असते. स्वस्त यंत्रांत रीडर, कंट्रोलर आणि रिले एकाच डबीत येतात.

शीर्षकातल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे. बऱ्याच रीडरमध्ये ‘बीप’चा अर्थ ‘कार्ड वाचले’ एवढाच असतो. परवानगी मिळाली का, रिले हलला का, कुलपाची वीज तुटली का, हे पुढचे तीन टप्पे असतात. बिघाड यातल्या कुठल्याही टप्प्यावर असू शकतो. त्यामुळे ‘मशीन गेली, नवीन घ्या’ असे कुणी पाहताक्षणीच सांगितले, तर आधी हे टप्पे तपासले का, असे विचारावे.

‘फेल सेफ’ आणि ‘फेल सिक्युअर’ म्हणजे काय?

वीज गेल्यावर जे कुलूप उघडते ते ‘फेल सेफ’ आणि वीज गेल्यावर जे बंदच राहते ते ‘फेल सिक्युअर’.

आपल्याकडे काचेच्या दारांवर सर्रास दिसते ते चुंबकीय कुलूप. तंत्रज्ञ त्याला ‘ईएम लॉक’ म्हणतात. चौकटीवर विद्युतचुंबक आणि दारावर लोखंडी प्लेट, एवढीच त्याची रचना असते. वीज चालू असेपर्यंत चुंबक प्लेट धरून ठेवतो. ६०० पौंडांचे, म्हणजे सुमारे २७० किलोची ओढ सहन करणारे कुलूप सर्वाधिक वापरात आहे. एवढ्या ताकदीने धरलेले दार घाबरलेला माणूस हाताने ओढून उघडू शकत नाही. मात्र वीज तुटली की चुंबकत्व संपते. म्हणजे हे कुलूप स्वभावतःच फेल सेफ आहे.

दुसरा प्रकार इलेक्ट्रिक स्ट्राइकचा. त्यात चौकटीतला खटका विजेवर हलतो. तो दोन्ही प्रकारांत मिळतो. फेल सिक्युअर स्ट्राइक लावला, तरी आतल्या बाजूला साधा दांडा किंवा मूठ असेल आणि ती फिरवली की दार विजेविना उघडत असेल, तर माणूस अडकत नाही. स्टोअर रूम किंवा सर्व्हर रूमसाठी ही रचना वापरली जाते. आतून यांत्रिक मूठ नाही आणि कुलूपही फेल सिक्युअर आहे, अशी जोडी मात्र माणसांच्या वावराच्या खोलीला कधीच लावू नये.

रिलेवर तीन टर्मिनल असतात: ‘कॉम’, ‘एनसी’ आणि ‘एनओ’. फेल सेफ कुलपाची वीज कॉम आणि एनसीमधून जाते, फेल सिक्युअरची कॉम आणि एनओमधून. ही जोडणी उलटी झाली की विचित्र लक्षण दिसते. दार दिवसभर उघडे राहते आणि कार्ड लावल्यावर पाच सेकंद घट्ट बंद होते. असे झाल्यास यंत्र बिघडलेले नसते. एक तार शेजारच्या टर्मिनलवर हलवली की काम होते.

वीज गेली की दार उघडेल, हे खरे का?

इथेच सर्वात मोठा गैरसमज आहे. ‘आमचे ईएम लॉक आहे, लाइट गेली की आपोआप उघडते,’ असे अनेक सोसायट्यांत सांगितले जाते. प्रत्यक्षात कुलपाला बॅटरी जोडलेली असते आणि ती जोडण्याचा हेतूच वीज गेल्यावरही दार बंद राहावे हा असतो.

हिशेब साधा आहे. १२ व्होल्टचे कुलूप साधारण अर्धा अँपिअर घेते. कंट्रोलर आणि रीडर मिळून ०.२ अँपिअर धरू. एकूण ०.७ अँपिअर. नेहमीची ७ अँपिअर-तासांची बॅटरी कागदावर १० तास पुरते. बॅटरी जुनी असेल तर ती बरीच लवकर उतरते. म्हणजे आग लागल्यावर इमारतीचा मुख्य पुरवठा बंद केला, तरी त्यानंतर कित्येक तास ते दार तितक्याच ताकदीने बंद राहू शकते.

मग एक्झिट बटण आहे ना? त्यातही एक गोम आहे. बहुतेक ठिकाणी हे बटण कुलपाला नव्हे, तर कंट्रोलरला जोडलेले असते. बटण दाबले की कंट्रोलरला निरोप जातो आणि मग तो रिले हलवतो. कंट्रोलर हँग झाला, त्यात पाणी गेले किंवा तो जळाला, तर बटण कितीही दाबले तरी निरोप घेणाराच नसतो.

म्हणून दाराच्या आत आणखी एक वस्तू लागते, ती म्हणजे हिरवा ‘ब्रेक ग्लास’. हा कुलपाच्या विजेच्या तारेतच बसवतात. तो दाबला की कंट्रोलर, सॉफ्टवेअर, इंटरनेट, बॅटरी कशालाही न विचारता कुलपाची वीज थेट तुटते. फायर अलार्मच्या पॅनेलची जोडणीही अशीच, बॅटरीच्या पुढे आणि कुलपाच्या आधी हवी. अलार्म वाजला की तिथेच वीज तुटली पाहिजे. दोन-चारशे रुपये वाचवण्यासाठी हा ब्रेक ग्लास गाळला जातो किंवा दिखाव्यापुरता लावून त्याच्या तारा कंट्रोलरलाच जोडल्या जातात. दार संकटात उघडेल की नाही, हे बसवण्याच्या दिवशी या दोन तारा कुठे गेल्या यावर ठरते.

बसवताना आणखी काय पाहावे?

कंट्रोलर आतल्या बाजूला: रीडर आणि रिले एकाच डबीत असतील आणि ती डबी दाराबाहेर असेल, तर ती भिंतीवरून काढणाऱ्याच्या हाती कुलपाच्या तारा लागतात. सुरक्षा महत्त्वाची असेल तिथे बाहेर फक्त रीडर असावा आणि निर्णय घेणारा कंट्रोलर आत असावा.

तारेची जाडी: कॅमेऱ्यांसाठी आणलेली नेटवर्क केबल उरली म्हणून तिचीच एक जोडी कुलपापर्यंत ओढली जाते. ही तार बारीक असते. ३० मीटर अंतरावर जाऊन-येऊन ६० मीटर तार होते आणि तिचा रोध साधारण ५ ओहम भरतो. पॉवर सप्लायवर १२ व्होल्ट दिसतात, पण कुलपापाशी १० व्होल्टच पोहोचतात. चुंबकाची पकड त्याहून जास्त प्रमाणात घटते. एक चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरली, तर त्याच अंतरावर साडेअकरा व्होल्ट मिळतात.

प्लेट थोडी हलती हवी: दारावरची प्लेट गच्च आवळली की काम चोख झाले, असे वाटते. उलट ती मधल्या बोल्टवर, रबरी वॉशरसह किंचित हलती ठेवायची असते. तरच ती चुंबकावर सपाट टेकते. कागदाच्या जाडीएवढी फट राहिली तरी पकड बरीच कमी होते.

मास्टर कोड: कीपॅडच्या यंत्रांत कारखान्यातून ‘१२३४५६’सारखा कोड येतो आणि तो माहितीपत्रकात छापलेला असतो. तो पहिल्याच दिवशी बदलावा. नवा कोड सेक्रेटरी आणि आणखी एका पदाधिकाऱ्याकडे लिखित स्वरूपात असावा. कोड फक्त बसवणाऱ्यालाच ठाऊक असेल, तर पुढची प्रत्येक दुरुस्ती त्याच्याच मर्जीवर अवलंबून राहते.

बिघाड कसा शोधायचा?

पहिला नियम म्हणजे आधी वीज मोजायची, मग यंत्राला दोष द्यायचा. मल्टिमीटरने कुलपाच्या टर्मिनलवर, दार बंद असताना आणि कार्ड लावल्यावर, अशा दोन वेळा व्होल्टेज पाहावे. पॉवर सप्लायच्या पेटीत मात्र २३० व्होल्ट असतात. ती जाणकार इलेक्ट्रिशियननेच उघडावी.

‘बीप’ वाजते, पण दार उघडत नाही: कंट्रोलरजवळ कान देऊन रिलेचा ‘टिक’ असा आवाज येतो का ते ऐकावे. आवाज नाही, तर प्रश्न परवानगीचा आहे. कार्ड यादीत नसते, त्याची मुदत संपलेली असते किंवा यंत्राचे घड्याळ चुकलेले असते. आवाज येतो, पण कुलपावरचे व्होल्टेज तसेच राहते, तर तार चुकीच्या टर्मिनलवर आहे किंवा रिलेचे आतले संपर्क चिकटले आहेत. व्होल्टेज शून्यावर येऊनही दार सुटत नसेल, तर विजेचा दोष नाही. प्लेटवर गंज किंवा चिकटा असेल, चुंबकत्व थोडे उरत असेल किंवा दारच चौकटीत अडकले असेल.

जरा ओढले की दार उघडते: प्लेट तिरकी झाली आहे का, बिजागरी खचून दार उतरले आहे का, कुलपापाशी व्होल्टेज कमी आहे का, या क्रमाने पाहावे. पावसाळ्यात लाकडी दार फुगते आणि उन्हाळ्यात बरोबर बसलेली प्लेट जुलैत टेकत नाही. कोकणात आणि मुंबईत हा त्रास दरवर्षीचा आहे. दार पूर्ण मिटत नसेल, तर डोअर क्लोजरचा वेग जुळवून घ्यावा.

दार उघडताच यंत्र रीस्टार्ट होते: चुंबकाची वीज तोडताना क्षणभर उलट्या दिशेने मोठा दाब तयार होतो. तो शमवायला कुलपाच्या दोन टोकांवर डायोड लावतात. काही कुलपांत तो आधीच असतो, नसेल तर काही रुपयांत मिळतो. डायोडच्या पट्टीचे टोक धन तारेकडे यायला हवे. उलटा लावला तर शॉर्ट होतो. डायोड असूनही त्रास थांबला नाही, तर पॉवर सप्लाय कमी ताकदीचा आहे, असे समजावे.

दार आपोआप उघडते: एक्झिट बटणाच्या तारा कंट्रोलरपासून सोडवून एक दिवस पाहावे. या काळात ब्रेक ग्लास चालू आहे याची आधी खात्री करावी. त्रास थांबला, तर दोष बटणात किंवा त्याच्या तारेत आहे. भिंतीतली ओल, बटणाच्या डबीत शिरलेल्या मुंग्या, पाली यांनी तारा जोडल्या जाणे ही नेहमीची कारणे आहेत.

कार्ड चिकटवल्याशिवाय वाचले जात नाही: रीडर थेट लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीवर बसवला असेल, तर वाचण्याचे अंतर घटते. मागे प्लास्टिकचा जाड तुकडा देऊन पाहावे. भिंतीच्या दोन बाजूंना पाठीला पाठ लावून बसवलेले रीडरही एकमेकांत व्यत्यय आणतात.

सगळ्यांना एकदम नकार मिळतो: दीर्घ वीजकपातीनंतर यंत्राचे घड्याळ अनेक वर्षे मागे गेलेले असू शकते. यंत्राच्या हिशेबाने रात्रीचे तीन वाजलेले असतील, तर सकाळी नऊला येणाऱ्यांना तो आत सोडत नाही. तारीख-वेळ दुरुस्त करून आतला बटण सेल बदलला की हा त्रास मिटतो.

कार्ड, बोट की चेहरा?

स्वस्तातली १२५ किलोहर्ट्झची कार्डे आपला क्रमांक कुठल्याही रीडरला, दर वेळी तसाच सांगतात. त्यात गुप्ततेची सोय नसल्याने त्यांची नक्कल सहज होते. १३.५६ मेगाहर्ट्झची मायफेअर क्लासिक कार्डे अधिक सुरक्षित मानली जात, पण नेदरलँड्समधील राडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्ये त्यांची गुप्तलेखन पद्धत फोडून दाखवली. आज नवी यंत्रणा घेताना एईएस पद्धतीची कार्डे मागावीत. लॉबीसाठी साधे कार्ड चालून जाईल, पण तिजोरीच्या खोलीसाठी चालणार नाही.

बोटाच्या यंत्राची अडचण वेगळी आहे. भांडी-कपडे, बांधकाम, रसायने अशा कामांत हाताच्या रेषा झिजतात. घरकाम करणाऱ्या ताईंचे बोट यंत्र ओळखत नाही आणि दोष त्यांना दिला जातो. दोन्ही हातांची मिळून किमान दोन बोटे नोंदवावीत आणि सोबत कार्डाचा पर्यायही द्यावा. शिवाय कार्ड हरवले तर रद्द करता येते, बोट किंवा चेहरा बदलता येत नाही. हा डेटा कुठे साठतो, कोण पाहतो आणि माणूस घर किंवा नोकरी सोडून गेल्यावर तो पुसला जातो का, हे आधीच विचारून घ्यावे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ चा रोखही संमती आणि हेतू संपल्यावर माहिती पुसण्याकडे आहे.

नियम काय सांगतात?

राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ चा चौथा भाग अग्नी व जीवसुरक्षेचा आहे. बाहेर पडण्याचे दार ज्यांच्यासाठी आहे त्यांना ते आपल्या बाजूने किल्लीशिवाय उघडता आले पाहिजे, हे त्यातले मूळ तत्त्व आहे. दार विजेचे झाले म्हणून हे तत्त्व बदलत नाही. महाराष्ट्रात २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमानुसार परवानाधारक संस्थेकडून अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत द्यावे लागते. त्या तपासणीच्याच दिवशी अलार्म वाजवून दारे सुटतात का हे पाहण्याचा आग्रह धरता येईल.

दहा मिनिटांची चाचणी कशी करावी?

दर तीन महिन्यांनी, वर्दळ कमी असताना, वॉचमन आणि एका पदाधिकाऱ्याला सोबत घेऊन या पाच गोष्टी कराव्यात.

१. मुख्य वीज बंद करून दार बॅटरीवर बंद राहते का पाहावे. काही मिनिटांतच सुटले, तर बॅटरी बदलावी.

२. वीज बंदच ठेवून आतून एक्झिट बटण दाबावे. दार लगेच सुटले पाहिजे.

३. आता ब्रेक ग्लास दाबावा. दार सुटले पाहिजे आणि तो पूर्ववत करेपर्यंत सुटलेलेच राहिले पाहिजे. काही सेकंदांत पुन्हा बंद झाले, तर त्याच्या तारा कंट्रोलरला जोडल्या आहेत. ही जोडणी त्याच आठवड्यात बदलून घ्यावी.

४. फायर अलार्मची चाचणी घेऊन सगळी दारे एकदम सुटतात का पाहावे.

५. सोडून गेलेले भाडेकरू, कर्मचारी आणि कामगार यांची कार्डे यादीतून काढली आहेत का तपासावे.

यापैकी तिसरी आणि चौथी चाचणी वार्षिक देखभाल कराराच्या कागदात लिहून घ्यावी. अनेक करारांत ‘कार्ड लावल्यावर दार उघडणे’ एवढेच तपासले जाते. ते बाहेरून आत येणाऱ्यासाठी पुरेसे आहे. आत अडकलेल्याला मात्र कार्ड, सर्व्हर आणि वीज यांच्याविना उघडणारे दार लागते आणि ते तसे आहे की नाही, हे आधी दाबून पाहिल्याशिवाय कळत नाही.